एपिस्कोपल चर्चच्या बुलेटिनमधले शब्द: प्रॉपर, व्हेस्ट्री, प्लेज, ऑल्टर गिल्ड

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

आम्ही मूळचे नाशिकचे, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतले. दोघांचाही बाप्तिस्मा आणि दृढीकरण (कन्फर्मेशन) तिकडेच झालं. आता न्यू जर्सीत राहतो आणि घराजवळच्या एपिस्कोपल चर्चमध्ये जायला लागलो आहोत. उपासनेचा क्रम बराचसा ओळखीचा वाटतो, लोकही आपुलकीने विचारपूस करतात. पण बुलेटिन, म्हणजे उपासनेचं छापील पत्रक, वाचताना आणि नंतर कॉफी अवरला बोलताना निम्मे शब्द डोक्यावरून जातात. दर वेळी कुणाला थांबवून विचारायचा संकोच वाटतो, म्हणून इथे एकदमच विचारते.

बुलेटिनवर ‘नाइन्थ संडे आफ्टर पेंटेकॉस्ट, प्रॉपर १२, इयर ए, राइट टू’ असं छापलं होतं. यातलं काय कशासाठी असतं? रेक्टर, व्हाइकर, क्युरेट, डीकन यांत फरक काय आणि हाक कशी मारायची? व्हेस्ट्री म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारी आपली पास्टरेट कमिटीच का? प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, इथे सगळ्यांना एकच प्याला असतो. आमची मुलगी सात वर्षांची आहे, बाप्तिस्मा झालाय पण दृढीकरण नाही, तरी तिलाही भाकर देऊ करतात. हे चालतं का? ऑफिसमधून ‘लेटर ऑफ ट्रान्सफर’ आणायला सांगितलंय आणि ऑक्टोबरात ‘प्लेज कार्ड’ येईल म्हणाले. शिवाय एका बाईंनी मला ऑल्टर गिल्डमध्ये बोलावलं आहे. हो म्हणण्याआधी तिथे नेमकं काय काम असतं ते कळलं तर बरं होईल.

---

तिसरी_रांग

पुस्तकापासून सुरुवात करते, कारण ते हाताशी आलं की निम्मं कोडं सुटतं.

समोरच्या कप्प्यात दोन पुस्तकं असतात. एक गीतांचं. दुसरं बुक ऑफ कॉमन प्रेअर, म्हणजे प्रार्थनापुस्तक, १९७९ चं. त्याची सोय अशी की आवृत्ती लहान असो की मोठी, पृष्ठक्रमांक सगळीकडे तेच. त्यामुळे ‘पान ३५५’ म्हटलं की देशभरातल्या कुठल्याही एपिस्कोपल चर्चमध्ये तेच पान उघडतं. राइट वन आणि राइट टू हे प्रभुभोजनाच्या उपासनेचे दोन पाठ. राइट वन पान ३२३ पासून, जुन्या इंग्रजीत. राइट टू पान ३५५ पासून, आजच्या इंग्रजीत. जिथे सकाळी आठ आणि दहा अशा दोन उपासना असतात तिथे आठची बहुधा राइट वन, गाण्यांशिवाय. दहाची राइट टू, गायकवृंदासह.

राइट टूमध्येही चार वेगवेगळ्या युखॅरिस्टिक प्रेअर, म्हणजे भाकर-द्राक्षारसावर म्हणायच्या मुख्य प्रार्थना, आहेत: ए पान ३६१ वर, बी ३६७, सी ३६९ आणि डी ३७२. बुलेटिनमध्ये नुसतं ‘प्रेअर सी’ एवढंच लिहिलेलं असेल तर ३६९ उघडा. सीमध्ये लोकांची उत्तरं इतर तिघांपेक्षा जास्त आणि वेगळी आहेत, पाठ म्हणायला गेलं की चुकतं. स्तोत्रं पान ५८५ पासून. एवढी पानं लक्षात ठेवली तरी शोधाशोध थांबते.

बारीक तिरप्या अक्षरांतल्या सूचनांना रुब्रिक म्हणतात. त्या वाचायच्या असतात, मोठ्याने म्हणायच्या नसतात. ‘आमेन’च्या अक्षराकडेही लक्ष द्या. आमेन तिरप्या अक्षरात असेल तर प्रार्थना याजक एकटे म्हणतात आणि आपण शेवटी फक्त आमेन म्हणतो. सरळ अक्षरात असेल तर ती अख्खी प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणायची असते. प्रभूची प्रार्थना आणि पापांगीकार अशा छापलेल्या आहेत. युखॅरिस्टिक प्रेअरच्या शेवटचं आमेन मोठ्या ठळक अक्षरांत असतं. तिथे संपूर्ण मंडळीने खणखणीत आवाजात ते म्हणावं अशी अपेक्षा असते. पुटपुटू नका, ते आमेन मंडळीचंच आहे.

आता प्रॉपर. पेंटेकॉस्ट हा ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण; त्यानंतरचे रविवार दोन तऱ्हांनी मोजतात. ‘नाइन्थ संडे आफ्टर पेंटेकॉस्ट’ हा आकडा ईस्टर कधी आला यावर ठरतो, म्हणून दर वर्षी सरकतो. प्रॉपरचा आकडा मात्र तारखेला बांधलेला आहे. प्रॉपर १२ म्हणजे २७ जुलैच्या सर्वांत जवळचा रविवार. २०२५ मध्ये तो २७ जुलैला आला आणि पेंटेकॉस्टनंतरचा सातवा होता. २०२६ मध्ये तो २६ जुलैला, पण नववा, कारण ईस्टर लवकर आलं. त्या रविवारची वाचनं आणि कलेक्ट या प्रॉपरवर ठरतात. कलेक्ट म्हणजे त्या दिवसाची नेमलेली छोटी प्रार्थना, वाचनांच्या आधी येते. उच्चारताना जोर ‘कॉ’वर. शेवटचा प्रॉपर २९, आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या) आधीचा रविवार, ख्रिस्त राजाचा.

इयर ए, बी, सी हे तीन वर्षांचं वाचनचक्र. ए मध्ये मुख्यतः मत्तय, बी मध्ये मार्क, सी मध्ये लूक; योहान तिन्ही वर्षांत मधे मधे, ईस्टरच्या काळात विशेष. चर्चचं वर्ष जानेवारीत नाही, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं. ज्या वर्षाला तीनने पूर्ण भाग जातो त्या वर्षीच्या आगमनकाळात इयर ए सुरू होतं. २०२५ ला भाग जातो, म्हणून नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीपासून ए.

पेंटेकॉस्टनंतर जुन्या कराराच्या वाचनाचे दोन मार्ग असतात, ट्रॅक वन आणि ट्रॅक टू. वनमध्ये जुन्या करारातली कथा आठवड्यामागून आठवडे क्रमाने चालते; टूमध्ये त्या दिवसाच्या शुभवर्तमानाशी जुळणारा उतारा असतो. तुमचं चर्च कुठला ट्रॅक वाचतं हे एकदा विचारून ठेवा. घरी वाचून जाण्याची सवय असेल तर हे माहीत नसल्याने भलताच उतारा वाचून होतो.

बसणं-उठणं: गाताना आणि शुभवर्तमानाला उभं, वाचनं आणि उपदेश ऐकताना बसून, प्रार्थनेला गुडघ्यावर किंवा उभं. पुस्तकच दोन्हींना मुभा देतं. शेजारचा उभा आणि तुम्ही गुडघ्यावर असाल तरी कुणीही चूक म्हणणार नाही.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, ग्लोरिया हे स्तुतिगीत आणि हालेलुया दोन्ही गायब होतात. बुलेटिनमधून सुटलं असं समजू नका, ते मुद्दाम बाजूला ठेवतात आणि ईस्टरला परत आणतात.

---

घंटाघर

माणसं आणि कारभार मी घेतो.

दीक्षित सेवकांचे तीन वर्ग: बिशप, प्रीस्ट, डीकन. रेक्टर, व्हाइकर, क्युरेट ही निरनिराळी दीक्षा नाही. तिघेही प्रीस्टच, नेमणूक वेगळी. स्वतःच्या खर्चाने चालणारं चर्च असेल तर तो पॅरिश, आणि त्याचा प्रमुख रेक्टर. डायोसिसच्या, म्हणजे बिशपांच्या प्रांताच्या, मदतीवर चालणारं असेल तर मिशन. तिथला प्रमुख बिशपांच्या वतीने काम बघतो, तो व्हाइकर. क्युरेट म्हणजे रेक्टरच्या हाताखाली काम शिकणारा, नुकती दीक्षा झालेला प्रीस्ट. रेक्टर गेल्यावर नवा मिळेपर्यंत इंटरिम किंवा प्रीस्ट-इन-चार्ज. एखाद्याच रविवारी बदली आलेले ते सप्लाय प्रीस्ट.

डीकनची ओळख त्यांच्या पट्ट्यावरून, म्हणजे स्टोलवरून. प्रीस्टचा स्टोल गळ्यातून दोन्ही बाजूंनी खाली येतो, डीकनचा डाव्या खांद्यावरून तिरका उजव्या कमरेला जातो. शुभवर्तमान वाचणं, वेदी मांडणं आणि शेवटी लोकांना निरोप देणं हे डीकनचं काम. पापक्षमेची घोषणा, आशीर्वाद आणि भाकर-द्राक्षारसाचं पवित्रीकरण डीकन करत नाहीत. उपासनेत तुम्हाला ‘सेलिब्रंट’ हा शब्द दिसेल, तो त्या दिवशी प्रभुभोजन चालवणाऱ्या प्रीस्ट किंवा बिशपांसाठी.

हाक मारण्याचं: पाकिटावर ‘द रेव्हरंड’ आणि पूर्ण नाव. समोरासमोर काही ठिकाणी फादर आणि मदर, काही ठिकाणी सरळ पहिलं नाव. ते स्वतःची ओळख जशी करून देतात तशी हाक मारा. आपल्याला मोठ्या माणसाला नावाने हाक मारणं जड जातं, तर ‘फादर’ किंवा ‘मदर’ म्हटल्याने कुणाला वावगं वाटत नाही. स्त्रियांना प्रीस्ट होण्याची मुभा १९७६ च्या जनरल कन्व्हेन्शनने, म्हणजे या चर्चच्या देशव्यापी सभेने, दिली, १ जानेवारी १९७७ पासून ती लागू झाली, त्यामुळे ‘मदर’ ही हाक सर्रास ऐकू येईल.

व्हेस्ट्री ही पास्टरेट कमिटीच्या जवळची, पण अधिकार अधिक. चर्चची मालमत्ता आणि पैसा यांबाबत पॅरिशची कायदेशीर प्रतिनिधी तीच. मोठा फरक असा की आपल्याकडे डायोसिस पाळकांची बदली करते; इथे रेक्टरला बोलावते व्हेस्ट्री, बिशपांशी विचारविनिमय करून. एकदा बोलावलं की व्हेस्ट्रीला त्यांना परस्पर काढता येत नाही, प्रकरण बिशपांकडे जावं लागतं. याच कारणाने नवा रेक्टर शोधायला बराच वेळ लागतो. सर्च कमिटी नेमायची, पॅरिशची माहितीपुस्तिका लिहायची, उमेदवारांना भेटायचं. घाई करत नाहीत ते बरोबरच आहे.

व्हेस्ट्रीची निवड वार्षिक सभेत होते, बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या आसपास. मुदत बहुधा तीन वर्षांची आणि दर वर्षी एक तृतीयांश लोक बदलतात. दोन वॉर्डन असतात. सीनियर वॉर्डन रेक्टरचा उजवा हात, रेक्टर नसताना कारभार त्यांच्याकडे. ज्युनियर वॉर्डन म्हणजे इमारत: गळकं छप्पर, बॉयलर, पार्किंगमधला बर्फ. हॉलमधला नळ गळतोय हे रेक्टरला सांगण्यात अर्थ नाही, ज्युनियर वॉर्डनला गाठा. एक गोष्ट लक्षात असू द्या: जुन्या चर्चमध्ये याजक झगे घालतात त्या खोलीलाही व्हेस्ट्री म्हणतात. ‘मीट मी इन द व्हेस्ट्री’ म्हणजे सभेचं आमंत्रण नाही.

वर डायोसिस. न्यू जर्सी राज्यात दोन आहेत: उत्तरेकडे डायोसिस ऑफ न्यूअर्क, बाकीच्या भागात डायोसिस ऑफ न्यू जर्सी. तुमचं चर्च कुणाकडे ते बघून घ्या, कारण बिशप, प्रशिक्षण आणि कागदपत्रं त्यावर ठरतात. बिशपांच्या भेटीला व्हिजिटेशन म्हणतात, त्या दिवशी दृढीकरणं होतात. साऱ्या देशाची जनरल कन्व्हेन्शन दर तीन वर्षांनी भरते. तिथे बिशपांचं एक सभागृह आणि डेप्युटींचं दुसरं. प्रत्येक डायोसिसमधून चार दीक्षित आणि चार सामान्य सभासद डेप्युटी म्हणून जातात. सर्वांत वर प्रेसायडिंग बिशप, मुदत नऊ वर्षांची.

आता तुमचं लेटर. सीएनआय आणि एपिस्कोपल चर्च दोन्ही अँग्लिकन कम्युनियनमध्ये, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी नातं असलेल्या चर्चच्या जागतिक परिवारात, आहेत, परस्परांशी पूर्ण सहभागितेत. एपिस्कोपल चर्चचे कॅनन, म्हणजे नियम, सांगतात की अशा चर्चच्या सभासदालाही बदलीच्या पत्राची सोय लागू होते. म्हणजे तुम्ही ‘धर्मांतर’ करत नाही, एका घरातून दुसऱ्या घरात येता आहात. बाप्तिस्मा परत होत नाही. पाण्याने, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला असला की झालं. दृढीकरण सीएनआयच्या बिशपांच्या हातून झालं असेल तर तेही जसंच्या तसं धरतात. पाळकांनी केलं असेल तर ते रेक्टरला आधीच स्पष्ट सांगा, म्हणजे ते बिशप कार्यालयाकडून खात्री करून घेतील.

नाशिकच्या पाळकांना पत्रात हे लिहायला सांगा: पूर्ण नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख आणि ठिकाण, दृढीकरणाची तारीख आणि कुणाच्या हातून, आणि तुम्ही प्रभुभोजनात भाग घेणाऱ्या, चांगल्या स्थितीतल्या सभासद आहात असं एक वाक्य. मंडळीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, सही-शिक्क्यासह. घोळ हमखास होतो तो नावांचा. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर सासरचं. दोन्ही नावं एकाच पत्रात ‘लग्नापूर्वीचं’ आणि ‘आत्ताचं’ अशी लिहून घ्या. दाखल्याची मूळ प्रत ऑफिसात देऊन टाकू नका, दाखवा आणि छायाप्रत द्या. मुलीचा बाप्तिस्म्याचा दाखलाही त्याच वेळी नोंदवून घ्या, पुढे तिच्या दृढीकरणाला लागतो.

‘कम्युनिकंट इन गुड स्टँडिंग’ हा शब्द पत्रात आणि वार्षिक सभेच्या नोटिशीत दिसेल. गेल्या वर्षात किमान तीनदा प्रभुभोजन घेतलेला सभासद तो कम्युनिकंट. उपासनेला नियमित येणं आणि देवाच्या राज्यासाठी काम, प्रार्थना, दान करत राहणं म्हणजे गुड स्टँडिंग. सोळा वर्षं पूर्ण झाली की प्रौढ धरतात.

---

गोदाकाठ

केवढं सविस्तर! दोघांचेही मनापासून आभार. आमचं दृढीकरण बिशपांच्या हातूनच झालंय, म्हणजे ती काळजी मिटली. पण प्लेजचं अजून नीट कळलं नाही. रक्कम लिहून सही केली की तेवढी भरावीच लागते का? नोकरीचं काही सांगता येत नाही, म्हणून विचारते. आणि कार्ड भरलं नाही तर सभासदत्वाला अडचण येते का?

---

घंटाघर

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच.

प्लेज म्हणजे पुढच्या वर्षात साधारण किती देता येईल याचा अंदाज. व्हेस्ट्रीला डिसेंबर-जानेवारीत अंदाजपत्रक करायचं असतं. पगार, वीज, विमा, डायोसिसचा वाटा हे सगळं त्यात बसवायचं. म्हणून शरद ऋतूत स्टुअर्डशिप मोहीम चालते आणि एका रविवारी सगळी कार्डं वेदीवर ठेवतात. आठवड्याला २५ डॉलर लिहिलेत तर वर्षाचे १,३०० होतात. परिस्थिती बदलली तर खजिनदाराला एक ओळ लिहायची: अमुक महिन्यापासून रक्कम इतकी करा. कारण विचारत नाहीत. वाईट होतं ते न सांगता बंद केल्याने, कारण अंदाजपत्रकात तो आकडा वर्षभर तसाच उभा राहतो आणि खर्च त्यावर ठरत जातो. तेव्हा फुगवून मोठा आकडा लिहिण्यापेक्षा झेपेल तो लहान आकडा लिहा; चर्चला खरा उपयोग त्याचाच.

बुलेटिनमध्ये ‘प्लेज’ आणि ‘प्लेट’ असे दोन आकडे दिसतील. नाव न लावता थाळीत टाकलेली रोख ती प्लेट. तिची तुमच्या नावावर नोंद राहत नाही. करसवलत घ्यायची असेल तर चेक, ऑनलाइन किंवा क्रमांक घातलेलं पाकीट वापरा. एका वेळी २५० डॉलर किंवा त्याहून जास्त दिले तर चर्चकडून लेखी पोचपावती लागते; जानेवारीत वर्षाचं पत्रक घरी येतं, ते जपून ठेवा.

रेक्टर्स डिस्क्रीशनरी फंड हा वेगळा. अडलेल्या माणसाचं भाडं, औषध, विजेचं बिल यांसाठी. महिन्यातल्या एका रविवारच्या प्रभुभोजनातलं नाव न घातलेलं दान त्यात जावं असा नियमच आहे. कुणाला मदत केली हे रेक्टर सांगत फिरत नाहीत. नोकरी गेली आणि हात आखडला, तर तिथे जायला संकोच करू नका. तो फंड त्याच कामासाठी आहे.

---

शुभ्रवस्त्र

प्रभुभोजन आणि ऑल्टर गिल्ड माझ्याकडे.

आधी मुलीचं. एपिस्कोपल चर्चमध्ये प्रभुभोजनासाठी बाप्तिस्मा लागतो, दृढीकरणाची अट नाही. सात वर्षांच्या मुलीला खुशाल घेऊ द्या. तुम्हाला आणखी थांबायचं असेल तर तीही तुमची मुभा. तिला हात छातीवर फुली करून ठेवायला सांगा, प्रीस्ट तिला आशीर्वाद देतील.

भाकर घेताना डाव्या तळहातावर उजवा तळहात उघडा ठेवा, चिमटीत पकडायला जाऊ नका. तिथेच खा किंवा प्याला येईपर्यंत हातावर ठेवा. प्याला येईल तेव्हा त्याच्या तळाला हलका हात लावून तो ओठांकडे आणा. नुसतं तोंड पुढे केलं की प्याला देणाऱ्याला अंदाज येत नाही आणि सांडतं. भाकर द्राक्षारसात बुडवून घेण्याला इंटिंक्शन म्हणतात. जिथे ती पद्धत आहे तिथे फक्त कड बुडवायची, बोटं नाहीत. द्राक्षारस खरा, आंबवलेला असतो, त्यात थोडं पाणी मिसळतात. ज्यांना मद्य वर्ज्य आहे त्यांनी फक्त भाकर घ्यावी. एकाच रूपात घेतलं तरी प्रभुभोजन पूर्णच होतं, त्यात काही कमी राहत नाही. ग्लुटेन चालत नसेल तर वेगळे वेफर, म्हणजे भाकरीच्या पातळ चकत्या, मिळतात, पण ज्या प्याल्यात इतरांनी गव्हाचा वेफर बुडवलाय तो टाळावा, त्यात कण उतरलेले असतात.

आता गिल्ड, म्हणजे वेदीची तयारी करणारा गट. हे काम उपासनेआधी तासभर आणि नंतर अर्धा-पाऊण तास, महिन्यातून एका आठवड्याची पाळी असते. जागा सॅक्रिस्टी, म्हणजे वेदीमागची किंवा बाजूची तयारीची खोली.

वेदीवर पांढरं लांब तागाचं कापड ते फेअर लिनन. त्यावर मधोमध प्याला मांडतात, आणि तो मांडण्याचा क्रम ठरलेला: तळाला प्याला, म्हणजे चॅलिस. त्याच्यावर आडवं घडी केलेलं पुसण्याचं कापड, प्युरिफिकेटर. त्यावर पेटन ही ताटली, तिच्यात प्रीस्टचा मोठा वेफर. त्यावर पॉल, म्हणजे कडक चौकोनी झाकण. त्यावर त्या काळाच्या रंगाची ओढणी, व्हेल. सर्वांत वर बर्स ही कापडी खिशासारखी वस्तू, आत घडी घातलेलं कॉर्पोरल. कॉर्पोरल वेदीवर पसरून त्यावरच पेटन आणि चॅलिस ठेवतात, म्हणजे भाकरीचे कण पडले तर त्यावर पडतील.

बाजूचं छोटं टेबल ते क्रीडन्स. तिथे द्राक्षारसाची आणि पाण्याची सुरई, दोन्हींना क्रुएट म्हणतात. लोकांसाठीच्या वेफरचा डबा. आणि प्रीस्टच्या हातांवर पाणी घालायचं भांडं व टॉवेल, लवाबो. वेफर अंदाजाने ओतू नका. सर्व्हिस रजिस्टरमध्ये प्रत्येक उपासनेची हजेरी आणि प्रभुभोजन घेणाऱ्यांची संख्या लिहिलेली असते, गेले दोन-तीन रविवार बघा आणि मोजून थोडे वरचढ ठेवा. फार जास्त ठेवले तर पवित्रीकरण झालेले सगळे कुणाला तरी खावे लागतात.

उरलेलं कचऱ्यात किंवा बेसिनमध्ये जात नाही. आजाऱ्यांसाठी ठेवायचं तेवढं ऑम्ब्रीत, म्हणजे भिंतीतल्या छोट्या कपाटात. त्याच्याजवळ दिवा तेवत असतो. बाकीचं तिथेच श्रद्धेने खाऊन-पिऊन संपवतात. सॅक्रिस्टीत दोन बेसिन दिसतील. एक साधं. दुसऱ्याचं पाणी गटारात न जाता थेट जमिनीत जातं, त्याला पिसिना म्हणतात. भांड्यांचं आणि कापडांचं पहिलं पाणी तिथे. पिसिना नसेल तर बाहेर झाडाच्या मुळाशी, जिथे कुणाचा पाय पडणार नाही.

कापडं धुणं हा या कामाचा गाभा, आणि बिघडतं ते इथेच. प्युरिफिकेटर आधी गार पाण्यात भिजवायची. गरम पाण्यात टाकली की द्राक्षारसाचा डाग पक्का बसतो. लिपस्टिकचा डाग वेगळा: कापड भिजवण्यापूर्वी भांड्यांचा सौम्य साबण बोटाने चोळून ठेवायचा. ब्लीच नको, तागाचे धागे कुजतात. स्टार्च तर प्युरिफिकेटरला कधीच नाही, तिने ओल शोषायची असते. इस्त्री कापड ओलसर असतानाच, आधी उलट बाजूने, म्हणजे भरतकामातला क्रूस चेपत नाही. सुकू दिलं की तागाच्या चुण्या जात नाहीत, परत भिजवावं लागतं.

घडी: प्युरिफिकेटर आणि कॉर्पोरल दोन्ही तीन-तीन भागांत, उभी आणि आडवी, उलगडल्यावर नऊ चौकोन दिसले पाहिजेत. कॉर्पोरलची घडी आतल्या अंगाला मिटते, कण आतच राहावेत म्हणून. ते उलगडून झटकायचं नसतं. फेअर लिननची घडी घालायचीच नाही. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवतात, नाहीतर वेदीवर आडव्या रेघा दिसतात. मेण पडलं तर बर्फाने कडक करून बोथट सुरीने काढा, उरलेल्यावर तपकिरी कागद ठेवून इस्त्री फिरवा, कागद मेण शोषून घेतो.

रंगांची यादी सॅक्रिस्टीत भिंतीवर लावलेली असते: आगमनकाळ निळा किंवा जांभळा, नाताळ आणि ईस्टर पांढरा, लेंट जांभळा किंवा कच्च्या तागाचा, पवित्र आठवडा आणि पेंटेकॉस्ट लाल, बाकी हिरवा.

बोलावलंय तर जरूर जा. पहिले काही महिने जुन्या बाईंच्या जोडीनेच पाळी देतात. उपासना आतून समजण्याची याहून चांगली जागा चर्चमध्ये दुसरी नाही.

---

पालवी

वरच्यांनी जे घेतलं नाही तेवढं जोडते.

इमारत: दारातून शिरल्यावरची मोकळी जागा नार्थेक्स, तिथेच बुलेटिन देतात. लोक बसतात तो नेव्ह. पुढे गायकवृंद बसतो तो चान्सल, आणि वेदीभोवतीचा कठड्याआतला भाग सँक्च्युअरी. इतर अमेरिकन चर्चमध्ये सगळ्या दालनालाच सँक्च्युअरी म्हणतात, म्हणून ‘सँक्च्युअरीत खुर्च्या लावा’ म्हटलं तर कुठे ते विचारून घ्या. अंडरक्रॉफ्ट म्हणजे चर्चखालचं तळघर. कॉफी अवर तिथे किंवा पॅरिश हॉलमध्ये.

मिरवणुकीत क्रूस धरतो तो क्रूसिफर, मेणबत्त्या धरणारे टॉर्चबेअरर, धूपपात्र हलवणारा थ्युरिफर. ही सगळी अ‍ॅकोलाइट मंडळी, त्यात मुलंही असतात. हातात काठी घेऊन सगळ्यांना जागच्या जागी नेणारा व्हर्जर.

बुलेटिनमधली लघुरूपं: ईसीडब्ल्यू हे चर्चमधल्या स्त्रियांचं मंडळ. डीओके म्हणजे डॉटर्स ऑफ द किंग, प्रार्थना आणि सेवेचं व्रत घेतलेल्या स्त्रिया. यूटीओचा (युनायटेड थँक ऑफरिंग) छोटा निळा डबा घरी देतील: एखाद्या गोष्टीबद्दल आभार मानावेसे वाटले की त्यात नाणं टाकायचं आणि गोळा करायच्या रविवारी आणून द्यायचं, त्यातून सेवाकार्यांना अनुदानं जातात. ईएफएम (एज्युकेशन फॉर मिनिस्ट्री) हा टेनेसीतल्या सेवानी इथल्या धर्मशास्त्र विद्यालयाचा चार वर्षांचा अभ्यासगट, आठवड्याला एकदा भेटतात. ईवायसी तरुणांचा गट.

घरी कुणी आजारी किंवा वयस्कर असतील तर ऑफिसला ‘युखॅरिस्टिक व्हिजिटर’ हवा असं सांगा. रविवारच्या उपासनेतूनच भाकर आणि द्राक्षारस घेऊन ते थेट घरी येतात. त्यांना बिशपांचा परवाना असतो. आपल्याकडचे पाहुणे आईवडील थंडीत बाहेर पडू शकत नसले तरी ही सोय त्यांच्यासाठीही आहे.

---

गोदाकाठ

पालवी, शेवटचं फार उपयोगी पडेल, हिवाळ्यात सासूबाई येणार आहेत. अजून एकच. पुढच्या महिन्यात मला वाचनासाठी विचारलंय, स्तोत्रासकट. परवाना वगैरे लागतो का? आणि स्तोत्रात प्रत्येक ओळीत एक तारा छापलेला असतो, तो कशासाठी?

---

तिसरी_रांग

वाचकाला, म्हणजे लेक्टरला, परवाना लागत नाही.

उतारा घरच्या बायबलमधून वाचू नका. ऑफिसकडून त्या दिवसाची छापील पानं मागवा, कारण अनुवाद आणि ओव्यांची सुरुवात-शेवट दोन्ही जुळायला हवेत, ट्रॅकही तोच हवा. सुरुवात ‘अ रीडिंग फ्रॉम’ आणि पुस्तकाचं नाव. अध्याय-ओवी सांगितली तरी चालते, सक्ती नाही. उतारा संपल्यावर दोन श्वास थांबा आणि मग ‘द वर्ड ऑफ द लॉर्ड’ म्हणा; लोक ‘थँक्स बी टु गॉड’ म्हणतील. उताऱ्याच्या शेवटच्या शब्दाला हे चिकटवून म्हटलं की तेही उताऱ्यातलंच वाक्य वाटतं. नावांचे उच्चार आदल्या दिवशी बघून ठेवा आणि शंका असेल तर प्रीस्टना फोन करा. माईकपासून वीतभर अंतर, आणि बोलण्याच्या वेगापेक्षा हळू.

स्तोत्रातला तारा ओवीचे दोन भाग करतो. तिथे थांबायचं, सगळ्यांनी मिळून, एक श्वास. बुलेटिनमध्ये ‘इन युनिसन’ लिहिलं असेल तर सगळे एकत्र म्हणतात आणि प्रत्येक ताऱ्याला थांबतात. ‘रिस्पॉन्सिव्हली बाय होल व्हर्स’ असेल तर एक ओवी तुमची, एक लोकांची. ‘बाय हाफ व्हर्स’ असेल तर ताऱ्यापर्यंत तुम्ही आणि ताऱ्यानंतर लोक. इथे तुम्ही ताऱ्याच्या पुढे गेलात तर सगळ्यांचा गोंधळ उडतो, म्हणून आपल्या प्रतीवर ताऱ्याजवळ पेन्सिलीने उभी रेघ मारून ठेवा. ‘अँटिफोनली’ असेल तर नेव्हच्या दोन बाजू आळीपाळीने म्हणतात आणि तुम्ही फक्त कुठली बाजू सुरू करणार ते सांगायचं. सुरू करण्यापूर्वी यातली कुठली पद्धत ते आणि पान नक्की सांगा. पहिल्याच ओवीला निम्मे लोक पान शोधत असतात, तेवढा वेळ द्या.